शिवेवरची गावे



थंडीच्या दिवसांत जुन्या पिढीतले हेडमास्तर अंगात जो जाडाभरडा, करड्या-तपकिरी रंगाचा लोकरी कोट घालीत, त्याला ट्वीडचा कोट म्हणत. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो पाहिला असेल. काहींच्या घरी तो डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत अजून जपून ठेवलेलाही असेल. ट्वीड हे त्या कापडाचे नाव खरे. पण त्याआधी ते एका नदीचे नाव. स्कॉटलंडच्या दक्षिणेला, इंग्लंडच्या हद्दीला लागून ही नदी वाहते. तिच्या खोऱ्यातले विणकर आपल्या तिरप्या विणीच्या कापडाला त्यांच्या बोलीत 'ट्वील' म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनच्या एका कारकुनाने हा शब्द घाईत 'ट्वीड' असा वाचला आणि तेच नाव जगभर झाले, अशी गोष्ट सांगतात. कारकुनाच्या हातून नाव बदलणे हे काही आपल्याला नवे नाही. सात-बाराच्या उताऱ्यावर अशी किती नावे सापडतील!

या नदीच्या खोऱ्यातल्या गावांविषयी आज चार गोष्टी सांगायच्या आहेत. या मुलखाला 'बॉर्डर्स' म्हणतात. बॉर्डर म्हणजे हद्द, सरहद्द. आपण आपला साधा शब्द वापरू : शीव. हा शिवेवरचा मुलूख आहे, आणि पुढे आपल्याला दिसेल की इथल्या प्रत्येक गावाला आपली स्वतःची अशी आणखी एक शीव आहे. तिच्यासाठी माणसांनी जीव दिले आहेत.

शिक्षकांनी वर्गात ब्रिटनचा नकाशा टांगावा आणि स्कॉटलंड व इंग्लंड यांमधली रेघ मुलांना बोटाने दाखवावी. त्या रेघेच्या वरच्या अंगाला, पूर्वेच्या बाजूस हा प्रदेश आहे. क्षेत्रफळ सुमारे ४,७३० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून किंचित लहान. पण सिंधुदुर्गात २०११ च्या शिरगणतीला साडेआठ लाख माणसे होती; इथे सगळी मिळून १ लाख १६ हजारांच्या आसपास. माणसांपेक्षा मेंढ्या कितीतरी जास्त! डोंगर आहेत, पण सह्याद्रीसारखे कडे-कपारींचे नव्हेत. गोल माथ्याचे, गवताने झाकलेले, एकामागून एक पसरलेले. हद्दीवरच्या चेव्हियट डोंगराचे सर्वांत उंच शिखर ८१५ मीटर आहे, म्हणजे कळसूबाईच्या निम्मे. उंचावर मेंढ्या चरतात आणि खाली पूर्वेला समुद्राकडे उतरत गेले की 'मर्स' नावाची सुपीक सपाटी लागते. तिथे बार्ली, ओट ही धान्ये पिकतात.

ट्वीड नदी पश्चिमेच्या डोंगरात उगम पावते आणि सुमारे ९७ मैल वाहत जाऊन पूर्वेच्या उत्तर समुद्राला मिळते. वाटेत तिला एट्रिक, गाला, लीडर, टीव्हियट अशा नद्या येऊन मिळतात. गावे कुठे वसली हे पाहायचे तर या नद्यांवर नुसते बोट फिरवीत जावे. एडलस्टन ओढा ट्वीडला मिळतो तिथे पीबल्स. स्लिटरिग आणि टीव्हियट यांच्या संगमावर हॉइक. गाला नदीच्या काठी गॅलाशील्स. टीव्हियट आणि ट्वीड मिळतात तिथे केल्सो. आपल्याकडे कृष्णा-कोयनेच्या संगमावर कऱ्हाड आहे ना, तसेच. सेल्कर्क तेवढे एट्रिकच्या वर टेकडीवर चढून बसलेले आहे. यांतले सर्वांत मोठे गाव हॉइक. पण त्याचीही वस्ती चौदा हजारांच्या आत-बाहेर. मेलरोज, लॉडर ही तर दोन-दोन हजार वस्तीची गावे. आपल्याकडे एखाद्या मोठ्या बाजारपेठेच्या खेड्यातसुद्धा याहून जास्त माणसे असतात. पण या प्रत्येक ठिकाणाला शेकडो वर्षे 'बरो', म्हणजे स्वतःची पंचायत, स्वतःचा बाजार आणि स्वतःची सामाईक जमीन असलेले गाव, हा मान होता.

भूगोलाच्या शिक्षकांसाठी एक गोष्ट जाता जाता सांगतो. जेडबरा गावाजवळ नदीकाठच्या दरडीत खडकाचे काही थर भिंतीसारखे उभे आहेत आणि त्यांच्या माथ्यावर दुसरे, लाल वाळूच्या दगडाचे थर आडवे पसरलेले आहेत. १७८७ साली जेम्स हटन या विद्वानाने ते पाहिले आणि ताडले की आधी एक समुद्रतळ साचला, मग तो उभा झाला, झिजला, आणि त्यावर पुन्हा नवे थर साचले. एवढे व्हायला किती काळ गेला असेल! पृथ्वीचे वय फार फार मोठे आहे, हा विचार ज्यांच्यामुळे रूढ झाला त्यांत हटन अग्रभागी. हे गृहस्थ याच मुलखात काही वर्षे शेती करीत होते, हे आपल्या शेतकरी बंधूंनी ध्यानात ठेवावे.

आता इतिहासाकडे वळू. बाराव्या शतकात स्कॉटलंडच्या गादीवर पहिला डेव्हिड हा राजा होता. त्याच्या कारकिर्दीत या खोऱ्यात चार मोठे मठ उभे राहिले : केल्सो ११२८ साली, मेलरोज ११३६, जेडबरा ११३८ आणि ड्रायबरा ११५०. मेलरोजच्या मठातल्या साधूंनी डोंगरावर मेंढ्यांचे मोठाले कळप पाळले आणि त्यांची लोकर थेट समुद्रापार फ्लँडर्समध्ये विकायला पाठवली. लोकरीच्या धंद्याचा पाया असा मठांनी घातला, असे म्हणायला हरकत नाही. आज हे चारही मठ भग्नावस्थेत उभे आहेत. १५४४-४५ साली इंग्लंडच्या फौजेने हा मुलूख जाळला, तेव्हा मठांचीही धूळधाण झाली.

शिवेवर राहणे म्हणजे काय, हे रॉक्सबरा या गावावरून कळते. हे गाव तुम्ही नकाशात शोधू नका. ते आता नाही. केल्सोच्या पलीकडे, ट्वीड आणि टीव्हियट यांच्या मधल्या जिभेसारख्या जमिनीवर ते होते. मध्ययुगात स्कॉटलंडच्या चार प्रमुख बरोंपैकी हे एक. राजाचा किल्ला होता, टांकसाळ होती, लोकरीचा बाजार होता. पण किल्ला म्हटला की दोन्ही राजांना तो हवा. तो कधी इंग्रजांकडे, कधी स्कॉटांकडे जाई, आणि दर वेळी गावाची राखरांगोळी होई. १४६० साली दुसरा जेम्स राजा तो किल्ला इंग्रजांकडून घ्यायला आला. वेढ्यात त्याचीच एक तोफ फुटून तो जागच्या जागी ठार झाला. राणीने वेढा उठवला नाही. किल्ला घेतला आणि पुन्हा शत्रूच्या हाती पडू नये म्हणून पाडून टाकला. किल्ला गेला, व्यापार आधीच गेला होता, माणसेही गेली. आज तिथे गवत आहे आणि गुरे-मेंढ्या चरतात. नदीच्या मुखावरचे बेरिक हे बंदरही असेच अनेकदा या हातातून त्या हातात गेले. १४८२ पासून ते इंग्लंडकडे राहिले. पण त्याच्या नावाचा जुना परगणा बेरिकशायर मात्र स्कॉटलंडातच! गाव एका राज्यात आणि त्याच्या नावाचा परगणा दुसऱ्या राज्यात, अशी ही तऱ्हा.

राजे लढत, पण रयतेला रोजची दहशत होती ती दरोडेखोरांची. या दरोडेखोरांना 'रीव्हर' म्हणत. आर्मस्ट्राँग, एलियट, कर, स्कॉट अशी ही घराणीच्या घराणी. रात्री घोड्यांवरून हद्द ओलांडायची, गुरे हाकून आणायची आणि उजाडायच्या आत परत यायचे. हद्दीच्या दोन्ही बाजूंना असे लोक होते आणि ते आपल्या बाजूच्या माणसालाही सोडीत नसत. 'ब्लॅकमेल' हा इंग्रजी शब्द मूळचा इथलाच. लूट होऊ नये म्हणून शेतकरी या लोकांना जी खंडणी देत, ती ब्लॅकमेल. १६०३ साली स्कॉटलंडचा राजा इंग्लंडच्याही गादीवर बसला आणि शीव नावापुरती उरली. मग सरकारने या घराण्यांना कठोरपणे मोडून काढले. आधी फाशी आणि चौकशी मागाहून, या प्रकाराला 'जेडबराचा न्याय' असे उपहासाने म्हणत. आर्मस्ट्राँग घराण्याचे पांगलेले वंशज पुढे जगभर गेले. चंद्रावर पहिले पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग १९७२ साली जवळच्या लँगम गावी मुद्दाम आले, आणि ज्या मुलखात त्या नावाच्या माणसांना एके काळी फासावर चढवीत, तिथेच त्यांना गावचे मानाचे नागरिकत्व देण्यात आले.

१५१३ सालच्या फ्लॉडनच्या लढाईची आठवण या गावांत अजून जिवंत आहे. ९ सप्टेंबरच्या त्या एका दिवशी राजा चौथा जेम्स पडला आणि त्याच्याबरोबर हजारो स्कॉट पडले. आपल्याला पानिपत, तसे त्यांना फ्लॉडन. सेल्कर्कहून ऐंशी माणसे गेली होती आणि एकच परत आला, त्याच्या हातात शत्रूचे एक निशाण होते आणि तोंडातून शब्द फुटेना, असे परंपरेने सांगतात. पुढल्याच वर्षी हॉइकच्या पोरसवदा मुलांनी एका इंग्रज तुकडीवर छापा घालून तिचे निशाण पळवले. बापे माणसे फ्लॉडनला पडली होती. गावात मुलेच उरली होती. या मुलांचा पुतळा आज हॉइकमध्ये उभा आहे.

ही झाली राज्याच्या शिवेची कहाणी. आता गावाची शीव.

प्रत्येक बरोला सामाईक जमीन असे. तिला 'कॉमन' म्हणत. आपले गायरान म्हणा, पण आपल्या गायरानाहून पुष्कळ मोठे. गुरे चारायची, जळणासाठी पीट नावाची वाळलेली दलदलीची माती काढायची, घरासाठी दगड काढायचे, हे सगळे तिथून. आणि जिथे गायरान तिथे अतिक्रमण! शेजारचा जमीनदार आज एक दगड सरकवतो, उद्या एक कुंपण घालतो आणि चार वर्षांनी सांगतो की हे माझेच. म्हणून वर्षातून एकदा गावकरी घोड्यांवर बसून सगळ्या शिवेवरून फिरत, खुणेचे दगड जागेवर आहेत का पाहत आणि चुकीचे बांध पाडून टाकीत. याला 'कॉमन रायडिंग' म्हणतात. मोजणी कामगार आणि नकाशे नव्हते तेव्हा हीच मोजणी आणि हाच पंचनामा.

हे काम लुटुपुटीचे नव्हते. १५४१ साली सेल्कर्कचा गावप्रमुख जॉन मथाग आणि त्याचा साथीदार जेम्स केन हे गावाच्या जमिनीचा दावा मांडायला एडिंबराला निघाले होते. वाटेतच जमीनदारांच्या माणसांनी दोघांनाही ठार केले. सेल्कर्कमधल्या एका रस्त्याला आजही मथागचे नाव आहे. हॉइकला १५३७ ची सनद होती, तरी पुढे बक्ल्यूच्या ड्यूकशी वाद कोर्टात गेला आणि १७७७ साली जमिनीची वाटणी झाली. मोठा हिस्सा गावाला मिळाला, पण एक लचका गेलाच. त्याआधी १६९५ साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटने सामाईक जमिनींच्या वाटणीचा कायदा केला होता. त्याचा फायदा घेऊन जमीनदारांनी पुढच्या दीड-दोनशे वर्षांत देशभरची सामाईक राने वाटून घेतली. बरोंच्या जमिनी या तडाख्यातून पुष्कळशा वाचल्या, कारण त्यांना सनदा होत्या, आणि दर वर्षी घोड्यावर बसून शीव बघणारी माणसे होती.

यांतले लॉडर गाव मला सगळ्यांत कुतूहलाचे वाटते. १८७० च्या सुमाराचा त्याच्या कॉमनचा तपशील उपलब्ध आहे. कॉमन सुमारे १,७०० एकरांचे. गावात १०५ खाजगी तुकडे होते. त्यांना 'बर्जेस एकर' म्हणत. बर्जेस म्हणजे गावचा हक्कदार, आपल्या जुन्या भाषेत मिरासदार. असा तुकडा ज्याच्याकडे नाही तो बर्जेस होऊ शकत नसे. कॉमनपैकी सुमारे १३० एकरांचा एक पट्टा पाच-सात वर्षांसाठी नांगराखाली आणीत. त्याचे १०५ भाग पाडीत आणि कुणाला कुठला भाग हे चिठ्ठ्या टाकून ठरवीत. पीक कसे घ्यायचे हेही पंचायत सांगे. मुदत संपली की तो पट्टा पुन्हा गवताला सोडायचा आणि दुसरा फोडायचा. उरलेल्या रानात प्रत्येक बर्जेसने दोन गाई आणि पंधरा मेंढ्या चाराव्या; बर्जेसच्या विधवेने एक गाय आणि बारा मेंढ्या. रस्ते आणि चर यांच्या खर्चापुरती थोडी पट्टी घेत, जास्त नाही.

हे सारे आपल्या गावगाड्याच्या किती जवळचे आहे! असे वाटणारा मी पहिला नव्हे. सर हेन्री मेन हे १८६२ ते १८६९ हिंदुस्थान सरकारचे कायदा सभासद होते. परत गेल्यावर १८७१ साली त्यांनी पूर्व आणि पश्चिमेकडील ग्रामसंस्थांवर एक ग्रंथ लिहिला, त्यात हिंदुस्थानच्या खेड्यांबरोबर लॉडरच्या या जमिनीचा दाखला दिला आहे.

आणि याच लॉडर गावी १८०४ साली एका शेतकरी घरात जॉन विल्सन जन्मले. मुंबईच्या विल्सन कॉलेजचे संस्थापक ते हेच. १८२९ साली ते मिशनरी म्हणून मुंबईत उतरले आणि मराठी शिकण्यासाठी कोकणात बाणकोट-हर्णैला जाऊन राहिले. १८३२ साली त्यांनी शाळा काढली, तिचेच पुढे कॉलेज झाले. मोल्सवर्थच्या मराठी कोशाच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीला मराठी भाषेवरचे टिपण आहे तेही त्यांचेच. मुंबई विद्यापीठाचे ते कुलगुरू झाले आणि १८७५ साली मुंबईतच वारले. या खोऱ्याशी आपला आणखीही संबंध आहे, तो इतका गोड नाही. १९०८ साली लोकमान्य टिळकांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली तेव्हा व्हाइसरॉय असलेले लॉर्ड मिंटो यांचे घराणे हॉइकजवळचे. त्याला लागूनच डेनम हे लहानसे खेडे आहे. ऑक्सफर्डच्या प्रचंड इंग्रजी कोशाचे संपादक जेम्स मरे तिथलेच.

हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांची चर्चा निघाली की सर वॉल्टर स्कॉट यांचे नाव येतेच. ते सेल्कर्क परगण्याचे शेरीफ, म्हणजे न्यायाधीश होते, आणि ट्वीडच्या काठी अ‍ॅबट्सफर्ड येथे त्यांनी घर बांधले. त्यांच्या 'वेव्हर्ली' कादंबऱ्यांचे नाव पुढे एका रेल्वेमार्गाला मिळाले. पण रेल्वेची गोष्ट गिरण्यांपासून सुरू केली पाहिजे.

नद्या लहान पण उताराच्या, त्यामुळे पाणचक्कीला सोयीच्या. डोंगरावर लोकर, खाली पाणी. १७७१ साली हॉइकच्या जॉन हार्डी यांनी मोजे विणायची चार यंत्रे आणली आणि त्यातून विणमालाचा धंदा वाढला. पुढे काश्मिरी बोकडाच्या लोकरीच्या, म्हणजे कॅशमिअरच्या, मऊ स्वेटरांसाठी हॉइकचे नाव झाले. गॅलाशील्स आणि सेल्कर्क यांनी ट्वीड विणले. वाफेची यंत्रे आली तेव्हा अडचण पडली, कारण कोळसा इथे नाही. तो आणला रेल्वेने. १८४९ साली एडिंबराहून हॉइकपर्यंत गाडी आली आणि १८६२ साली तीच वाट पुढे इंग्लंडातल्या कार्लाइलपर्यंत गेली. शंभर वर्षे गिरण्यांचे भोंगे वाजले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वस्त माल बाहेरून येऊ लागला आणि गिरण्या एकेक करून बंद पडल्या. थोड्या अजून चालतात. गिरणगाव ओस पडते म्हणजे काय, हे मुंबईच्या माणसाला सांगायला नको.

त्यात रेल्वे गेली. तोट्यातले मार्ग बंद करायचे, असे १९६३ च्या एका सरकारी अहवालाने सुचविले होते. त्यात हा मार्ग आला. ५ जानेवारी १९६९ च्या रात्री शेवटची गाडी एडिंबराहून लंडनकडे निघाली. न्यूकॅसलटन या खेड्याशी लोकांनी रेल्वेचे फाटक बंद करून गाडी अडवली. त्यांत गावचे पाद्रीबुवाही होते. पोलिसांनी त्यांना पकडले. गाडीत या भागाचे तरुण खासदार डेव्हिड स्टील होते. ते खाली उतरले, लोकांशी बोलले, पोलिसांशी बोलले. पाद्रीबुवा सुटले आणि गाडीही सुटली. त्यानंतर शेहेचाळीस वर्षे या गावांना रेल्वे नव्हती. लोकांनी चिवटपणे मागणी चालू ठेवली आणि सप्टेंबर २०१५ मध्ये एडिंबराहून गॅलाशील्समार्गे ट्वीडबँकपर्यंत गाडी पुन्हा सुरू झाली. हॉइक अजून वाट पाहत आहे. दरम्यान १९७५ साली गावोगावच्या बरो पंचायती बरखास्त झाल्या. त्यांच्या सामाईक जमिनी 'कॉमन गुड' या नावाच्या खात्याखाली वरच्या कौन्सिलकडे गेल्या.

पंचायती गेल्या, पण शीव फिरणे गेले नाही. ही गावे एकमेकांपासून पाच-दहा मैलांवर, पण प्रत्येकाची ऐट वेगळी. सेल्कर्कची माणसे स्वतःला 'सूटर', म्हणजे जोडे शिवणारे, म्हणवून घेण्यात भूषण मानतात. मेलरोजला १८८३ साली सात-सात गड्यांचा रग्बी खेळ सुरू झाला, तो २०१६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. पण शेजारच्या गावाला हरवणे हे तिथे अजूनही ऑलिंपिकहून मोठे! जून महिना आला की घोडे बाहेर निघतात. सेल्कर्कला पहाटे शेकडो स्वार निघतात. परत आल्यावर बाजारपेठेत निशाण फिरवून खाली नमवतात आणि सगळे गाव फ्लॉडनच्या आठवणीने स्तब्ध उभे राहते. हॉइकला निशाण धरणाऱ्या तरुणाला 'कॉर्नेट' म्हणतात. तो अविवाहित असावा लागतो. तिथे बायकांनी स्वारीत जावे की नाही यावरून १९९६ साली असा तंटा झाला की गावात दोन तट पडले आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेले. हल्ली बायकाही घोड्यावर असतात.

शीव आता कागदावर पक्की आहे. कुणी दगड सरकवील अशी भीती उरलेली नाही. तरी कॉमनच्या टोकाशी पोचल्यावर कॉर्नेट घोड्यावरून उतरतो, कुदळ घेऊन शिवेवरचा गवतासकट मातीचा एक ढपला कापतो, आणि मग स्वारी गावाकडे वळते.